पाय मागे घेणाऱ्या बाई

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी लगेच सांगतो: सौसरच्या शाळेत मला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचे. त्यांचं नाव मात्र इथे लिहीत नाही. छापलेलं पाहिलं तर म्हणतील, "झालं का याचं पुन्हा सुरू?" आणि गेल्या गुरुपौर्णिमेला मी जे सुरू केलं होतं ते पाहता त्यांना असं म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे.

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. वडील मोहगावकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये पाठीवर पंप घेऊन फवारणी करायचे. औषधाच्या डब्यासोबत येणाऱ्या कागदावर काय लिहिलं आहे हे वडिलांना, बागेच्या मालकाला आणि औषध विकणाऱ्या दुकानदाराला सारखंच माहीत होतं, म्हणजे अजिबात नाही. बाईंनी मला ते कागद शाळेत आणायला सांगितले आणि माझं पहिलं इंग्रजी वाचन त्यांवरच झालं. मला पूर्ण समजलेलं पहिलं वाक्य होतं, फवारताना नाकतोंड झाका. ते मी घरी वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवसापासून वडील तोंडाला दुपट्टा बांधायला लागले. इंग्रजीचा याहून मोठा उपयोग मला आजवर दिसलेला नाही. कचेरीत तर नाहीच.

रविवारी सकाळी मी बाईंच्या घरी शिकायला जायचो. त्यानंतर त्या ख्रिस्ती प्रार्थनाघरात प्रार्थनेला जात. एकदा मी फार लवकर पोचलो. दार उघडंच होतं. आत बाई बाजेसमोर गुडघे टेकून, बाजेवर डोकं ठेवून बसल्या होत्या.

आमच्या शाळेत गुडघे टेकण्याचा एकच अर्थ होता. पाढा चुकला की गणिताचे सर वऱ्हांड्यात गिट्टीवर गुडघे टेकायला लावत आणि आत जाऊन निवांत चहा पीत. त्यामुळे मला वाटलं, हेडमास्तरांनी बाईंना शिक्षा केली आहे, आणि बाई इतक्या प्रामाणिक की सुटीच्या दिवशी घरी बसून ती भोगत आहेत. त्यांची शिक्षा संपेपर्यंत मी दारात श्वास रोखून उभा राहिलो.

"काय झालं, बापू? तोंड असं काहून केलं?" बाई उठून म्हणाल्या.

"बाई, तुमचं काय चुकलं होतं?"

बाई एवढ्या हसल्या की त्यांना पुन्हा बाजेवर बसावं लागलं. "चुकतं तर रोजच. पण ही शिक्षा नाही, प्रार्थना आहे." मग माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "बैल बसताना पाहिला ना तू? आधी काय करतो?"

"पुढचे टोंगळे टेकवतो."

"जू मानेवर असताना बसतो का?"

"नाही. सोडल्यावर."

"मग तेच. मी जू उतरवायला टेकते गुडघे. आमच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, एक माणूस आहे. परक्या देशात धरून नेलेला, पण राजाच्या दरबारात मोठा अधिकारी झाला. मग कायदा निघाला की महिनाभर राजाशिवाय कोणाकडे काही मागायचं नाही. हा घरी गेला, खिडकी उघडी होतीच, आणि रोजच्यासारखा दिवसातून तीनदा गुडघे टेकून देवाची प्रार्थना करत राहिला. लपून नाही, अन् दाखवायलाही नाही. रोज करत होता म्हणून."

"मग राजानं काय केलं?"

"सिंहांसमोर टाकलं."

"अन् सिंहांनी?"

"आधी कालचा धडा. सिंह पुढच्या रविवारी."

या पद्धतीमुळे माझा एकही रविवार चुकला नाही.

घरी मी ही गोष्ट सांगितली. आमचं घर बौद्ध. आई म्हणाली, "त्यात काय नवल? आपणबी विहारात वंदनेले टोंगळे टेकतो, हात टेकतो, कपाळ टेकतो." वडील बिडी विझवत म्हणाले, "टेकाले काही हरकत नाही. कोणासमोर टेकून राहिलो ते पाहा लागते. तुह्या आज्यानं पाटलाच्या ओट्याखाली जल्मभर वाकून घेतलं. आपल्या घरातला वाकायचा कोटा त्यानंच संपवला. तू ताठ राह्य."

मी ताठ राहिलो. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवसापर्यंत.

निकालाच्या दिवशी आमच्याकडे पेढ्याचा डबा घेऊन सगळ्यांच्या पाया पडत फिरायची रीत आहे. ज्यांनी मला कॉलेजात जाऊ नको, पंप उचल, असा सल्ला दिला होता त्यांच्याही पाया मी पडलो. शेवटी सौसरला बाईंच्या घरी गेलो. कॉलेजचा फॉर्म त्यांनी भरला होता, पांढुर्ण्याच्या कॉलेजात माझ्यासोबत येऊन खिडकीसमोरच्या रांगेत त्या उभ्या राहिल्या होत्या, आणि आईला समजावलंही त्यांनीच होतं. मी खाली वाकलो. बाईंनी पाय मागे घेतले. मी पुढे सरकलो. त्या आणखी मागे सरकल्या. असं करत त्यांची पाठ धान्याच्या कोठीला लागली, तेव्हा त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून मला उभं केलं.

"हे नको, बापू. पेढा दे."

"बाई, आज तरी."

"आज तर नाहीच. ऐक. एक फौजेतला सरदार होता. तो एका कोळ्याच्या पायांवर पडला. कोळी म्हणजे साधा नाही, प्रभूचा पहिल्या फळीतला शिष्य. त्यानं सरदाराला हाताला धरून उठवलं, सांगितलं की मीही तुझ्यासारखा माणूसच आहे. त्या कोळ्यानं पाय पुढे केले नाहीत, अन् मी कोण? आठवीची क्लासटीचर."

"म्हणजे कोणापुढं वाकायचंच नाही?"

"वाक ना. शास्त्रात लोक आदरानं वाकतातच. एक म्हातारा बायकोला मूठमाती द्यायला जागा मागायला गेला, तर गावकऱ्यांपुढं वाकला. एक भाऊ रुसलेल्या भावाला भेटायला गेला, तो सात वेळा वाकला. ती माणसामाणसातली रीत. पण तुझे डोळे पाहते ना मी. तू देवळात आल्यासारखा येऊन राहिला. ते वाकणं मी ठेवून घेतलं, तर मी ते चोरलं. ते ज्याचं आहे त्याचं आहे."

बाईंचं बोलणं मला समजलं, पण पटलं नाही. आयुष्यात ज्याच्या पाया मनापासून पडावं असं एक माणूस भेटलं, आणि तेच पाय मागे घेतं. ज्यांच्या पाया पडू नये ते मात्र चप्पल काढून तयार असतात.

त्या तयार पायांचा अनुभव मला नोकरीत आला. मी पांढुर्ण्याला एका कचेरीत बाबू म्हणून लागलो. पुढे पांढुर्णा जिल्हा झाला आणि गावात साहेबांची संख्या वाढली, त्याबरोबर कमरेचा व्यायामही वाढला. छोट्या साहेबासमोर मान पुरते. त्याच्या वरच्याला खांदे लागतात. त्याच्याही वरचा आला तर कंबर, आणि फाइल अडकली असेल तर बोटं जमिनीला लागेपर्यंत. साहेब रागावले आहेत की खूश, हे आमच्या चपराशाच्या पाठीकडे पाहून कळतं. मी या कलेत लवकर तयार झालो. एकदा वडील मला भेटायला कचेरीत आले. मी साहेबांच्या गाडीचं दार उघडताना ज्या आकारात उभा होतो तो त्यांनी लांबून पाहिला. जाताना एवढंच म्हणाले, "तुले ग्रॅज्युएट कायले केलं बे आम्ही? हे तर तुह्या आज्याले बिनशिकता येत होतं."

हा टोमणा मला लागला. लागल्यावर शहाण्या माणसाने साहेबासमोर वाकणं कमी केलं असतं. मी दुसरा हिशेब मांडला. एवढ्या नको त्या लोकांसमोर वाकलो, तर एकदा योग्य माणसासमोर वाकून घेतलं पाहिजे. म्हणजे बरोबर होईल.

जुन्या विद्यार्थ्यांच्या मोबाइल ग्रुपवर मी प्रस्ताव टाकला: गुरुपौर्णिमेला शाळेच्या सभागृहात बाईंचं पाद्यपूजन. अर्ध्या तासात हात जोडलेल्या चित्रांचा पूर आला. फक्त माझा एक वर्गमित्र, ज्याचं सौसरच्या बाजारात कापडाचं दुकान आहे, त्याने फोन केला.

"अबे, बाई ख्रिश्चन आहेत ना? त्यांच्यात चालते का हे?"

"चालते ना. त्यांच्या प्रभूनं स्वतः पाय धुण्याचा कार्यक्रम केला होता."

"असं? मग चालून जाईन."

गोष्ट मला बाईंनीच सांगितली होती. फक्त त्यात गुरूने शिष्यांचे पाय धुतले होते, शिष्यांनी गुरूचे नाही. हा किरकोळ तपशील मी गाळला. बाईंना आधी काही सांगायचं नाही, असंही मीच ठरवलं. सरप्राइज म्हणून. खरं कारण एवढंच की विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या. नाही म्हणणाऱ्या माणसाचा सत्कार करायचा तर त्याला न विचारणं हाच एक मार्ग उरतो, आणि आमच्याकडे बरेच सत्कार याच मार्गाने होतात.

फ्लेक्स लागला. त्यावर प्रमुख पाहुणे म्हणून आमच्या साहेबांचा फोटो दाराएवढा, संयोजक म्हणून माझा खिडकीएवढा, आणि बाईंचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. बाईंना फोनवर सांगितलं, "शाळेत जुनी मुलं जमून राहिली, तुम्ही फक्त भेटायला या." त्या आनंदाने आल्या. एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने जिन्याचा कठडा धरून आल्या, कारण गेल्या काही वर्षांत त्यांचे दोन्ही गुडघे गेले आहेत. त्यांना आता गुडघे टेकता येत नाहीत. प्रार्थनाघरातही त्या खुर्चीवर बसून मान झुकवतात. हे मला माहीत होतं.

साहेब दीड तास उशिरा आले. तोवर बाई खुर्चीत बसून प्रत्येकाला, तुझी नोकरी कशी, तुझी मुलगी कितवीत, असं विचारत होत्या. साहेब आल्यावर सगळे उठले आणि बाईंकडे पाठ करून साहेबांकडे वाकले. मग साहेबांनी माईक घेतला. "गुरु के चरणों में ही स्वर्ग है," ते म्हणाले. खुर्चीत ते इतके मागे रेलले होते की त्यांचे स्वतःचे चरण सर्वांना नीट दिसत होते.

मी परात आणली. तांब्यात कोमट पाणी, दूध, गुलाबाच्या पाकळ्या. परात पाहून बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी काठी शोधली, पण ती फोटोत येऊ नये म्हणून आम्ही बाजूला ठेवली होती. त्यांनी खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला. गुडघे उठले नाहीत. तोवर दोन माणसांनी आदराने त्यांचे पाय उचलून परातीत ठेवले होते.

बाई खाली वाकून हळूच म्हणाल्या, "बापू, नको. माझे पाय काढ."

मला ऐकू आलं. माईक चालू होता, साहेब पाहत होते, फोटोवाला म्हणत होता, "सर, थोडा इधर, चेहरा दिखने दो." मी चेहरा त्याच्याकडे केला आणि पाणी ओतलं. मग कपाळ त्यांच्या पायांवर टेकलं. इतक्या वर्षांची इच्छा पूर्ण झाली. सांगायला लाज वाटते, मला फार समाधान वाटलं.

माझ्यामागे चाळीस माणसांची रांग लागली. बाईंच्या शेजारची खुर्ची साहेबांची होती, त्यामुळे बहुतेक जण एकाच वाकण्यात दोघांचंही उरकत होते. काही हुशार लोकांनी बाईंना गाळून सरळ साहेब गाठले. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. "पाहा, बाईंना किती गहिवरून आलं," सूत्रसंचालक म्हणाला.

फोटो त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरला. पुढच्या रविवारी सकाळी मी तो फ्रेम करून बसने सौसरला गेलो. बाई प्रार्थनेला निघायच्या आत गाठू, असा बेत होता, पण बस उशिरा पोचली. बाई प्रार्थनाघरात असणार म्हणून फ्रेम शेजारी ठेवून जावं, असं मनात होतं. पण बाई घरीच होत्या. बाजेवर बसून शेंगा फोडत होत्या.

"बाई, आज प्रार्थना नाही?"

"आहे ना."

"मग?"

"मी नाही."

त्यांच्या प्रार्थनाघरात पंधरावीस घरं येतात. पाळक, म्हणजे पाद्री, महिन्यातून एकदा छिंदवाड्याहून येतात. एरवी प्रार्थना चालवतात तिथले एक म्हातारे वडील. त्यांच्यात मंडळीच्या, म्हणजे प्रार्थनेला जमणाऱ्या सगळ्यांच्या, वडीलधाऱ्या प्रमुखाला वडील असंच म्हणतात. आणि मुलांचा रविवारचा शास्त्राचा वर्ग बाई घेतात. मी शाळेत होतो त्याच्याही आधीपासून. तो फोटो मंडळीतही पोचला होता. त्यात बाई खुर्चीत, पाय परातीत, पायांवर एक कपाळ, आणि खाली कोणीतरी लिहिलेलं, साक्षात देवीस्वरूप. ज्या बाई मुलांना शिकवत आल्या की माणसाने माणसाची पूजा करून घेऊ नये, त्यांचा हा फोटो. वडील घरी आले होते. "थोडे दिवस वर्ग राहू द्या, बाई," म्हणाले होते.

"त्यांना सांगा ना की मी केलं! तुम्ही नको म्हणालात."

"तुला ऐकू आलं होतं?" बाईंनी विचारलं.

मी फ्रेमकडे पाहत राहिलो.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्यांच्यावर राग नाही माझा. त्यांनी राहू द्या म्हटलं, मी हो म्हटलं. कारण वेगळं आहे." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "पाणी कोमट होतं, बापू. चार दिवसांपासून गुडघे ठणकत होते. आधी मी घाबरले, मग बरं वाटलं. पाण्याचं बरं वाटलं इथपर्यंत ठीक. पण रांगेतलं दहावं-बारावं पोरगं वाकलं तेव्हा मला वाटलं, चाळीस वर्षं शिकवलं, एवढं तर आपलं आहेच. समजलं? मी डोळे मिटले ते त्याच्यासाठी. असं वाटलेली बाई मुलांना काय शिकवणार, की कोणापुढं गुडघे टेकायचे?"

एवढ्या वर्षांत मी बाईंना काहीच देऊ शकलो नव्हतो. शेवटी दिलं ते हे. त्यांचा रविवार काढून घेतला.

मी तसाच मंडळीच्या त्या वडिलांकडे गेलो. प्रार्थना संपवून ते बाजारातल्या आपल्या सायकलच्या दुकानात आले होते आणि एका चाकाचे आरे कसत होते. मी सगळं सांगितलं. ते चाक फिरवत ऐकत राहिले.

"तू कोण?"

"बाईंचा विद्यार्थी."

"ते समजलं. आमच्यातला आहे का?"

"नाही. बौद्ध."

"मंग आमच्या घरच्या भांडणात तुह्यं काय काम?"

"भांडण मीच लावलं ना, काका. चूक माझी आहे. मला माफ करा." आणि एवढं बोलून, काय सांगू, माझी कंबर आपोआप वाकली आणि हात त्यांच्या पायांकडे गेले.

वडील सायकलीसकट मागे सरकले. "अबे! अबे! पुन्हा तेच? तुले काही बिमारी आहे का बे?" समोरचा पानठेलेवाला हसायला लागला. "याले पाह्य रे," वडील त्याला म्हणाले, "पाय दिसला की झडप घालते."

मीही हसलो. त्या दिवशी पहिल्यांदाच.

"इकडं बस. खाली नाही, स्टुलावर," वडील म्हणाले. "बाईनं सांगितलं मले, की तिच्याच मनात पाप आलं. मी म्हटलं, बाई, माह्या मनात तर दर ग्राहकाले येते. ती ऐकत नाही. आता तू असं कर. रविवारी ये, अन् मंडळीसमोर सांग. उभा राहून सांग. वाकशील तर पंप फेकून मारीन."

रविवारी मी गेलो. दोन खोल्यांची भिंत पाडून केलेली जागा, सतरंजी, भिंतीशी म्हाताऱ्यांसाठी बाक. मी उभा राहिलो. बाईंना न विचारता केलं, हे सांगितलं. त्या नको म्हणाल्या ते ऐकूनही पाणी ओतलं, हे सांगितलं. ते त्यांच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं, हेही. उभ्याने हे सांगणं किती जड जातं याची मला कल्पना नव्हती. वाकलेल्या माणसाला निदान समोरचे चेहरे दिसत नाहीत.

मग बाकावरच्या एका आजींनी विचारलं, "पाणी गरम होतं का थंडं?"

"कोमट होतं, आजी."

"तेवढं तरी बरं केलं. तिचे टोंगळे लई दुखतात."

नंतर प्रार्थना सुरू झाली. सगळे सतरंजीवर गुडघे टेकून बसले. वडिलांनी मला हाताने खूण केली, तुझ्या मर्जीवर आहे. मला एकच पद्धत येत होती, आईने विहारात शिकवलेली. तसे टेकले. मला काही चमत्कार वगैरे जाणवला नाही. एवढंच दिसलं की गुडघे टेकल्यावर सायकलवाला, नर्स, तहसीलमधला शिपाई, सगळ्यांची डोकी एकाच उंचीवर येतात. कोणाकडे तोंड करून वाकावं हे शोधायची मला सवय. तिथे तसं कोणी सापडेना. वडीलही माझ्याच शेजारी सतरंजीवर होते, आणि उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला.

पण बाई त्या रविवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. वडील दोनदा बोलवायला गेले, तरी नाही. फोन केला की शेंगांचं, पावसाचं, माझ्या मुलीच्या शाळेचं बोलतात. म्हणून मी कचेरीत जेवणाच्या सुटीत हे पत्र लिहिलं आणि पोस्टाने पाठवलं.

बाई,

मराठीच्या सरांनी मोठ्यांना पत्र लिहिताना सुरुवातीला साष्टांग नमस्कार घालायला शिकवलं होतं. हात सवयीने तेच लिहायला लागला. साष्टांग खोडलं आहे. नमस्कार ठेवला आहे, तो तुम्ही घ्याल असं वाटतं, कारण तो तुम्हीही मला करता.

मी माफी मागायला लिहीत नाही. ती मी मंडळीसमोर मागितली, वडिलांनी सांगितलंच असेल. माझं म्हणणं दुसरं आहे, आणि ते विद्यार्थ्याने बाईंना सांगू नये असं आहे, तरी सांगतो.

तुमच्या मनात क्षणभर आलं की चाळीस वर्षांचं एवढं तर आपलं आहे. ते तुम्हाला चोरी वाटलं. बाई, मी रोज अशा लोकांसोबत काम करतो ज्यांच्या मनात हे सकाळी दहापासून साडेपाचपर्यंत सतत असतं आणि ते त्याला कामाचा भाग समजतात. तुमच्या मनात एकदा आलं आणि तुम्ही डोळे मिटले. मला वाटतं, मुलांना हे शिकवायला हेच माहीत असलेलं माणूस लागतं. ज्याला कधी असं वाटलंच नाही, तो त्यांना काय सांगेल? ज्याला वाटलं आणि आवडलं, तो तर माझ्यासारखा संयोजक होईल.

तुम्हाला गुडघे टेकता येत नाहीत म्हणून तुम्ही खुर्चीवर बसून मान झुकवता. कोणी कधी म्हटलं नाही की ते कमी आहे. मग मनाला एकदा नीट वाकता आलं नाही, तर त्याला तुम्ही एवढी मोठी शिक्षा का देता? गिट्टीवर बसवायची पद्धत तर तुमची कधीच नव्हती.

वर्ग सध्या वडील घेतात. मागच्या रविवारी मी मागे बसून पाहिला. तीन मुलं झोपली होती, आणि चौथ्याला वडिलांनी उत्तर आलं नाही म्हणून सायकलची घंटी दिली, वाजव म्हणाले. त्यानंतर शास्त्र कोणालाच ऐकू आलं नाही.

तिथल्या एका मुलीने मला बाहेर गाठून विचारलं, प्रार्थनेत गुडघे टेकल्यावर डोळे का मिटायचे? देव समोर असेल तर पाहायला नको का? मला उत्तर आलं नाही. मी म्हटलं, बाईंना विचार. ती म्हणाली, बाई कधी येतील? मी म्हटलं, रविवारी. हे मी पुन्हा तुम्हाला न विचारता केलं, हे मला कळतं.

पण या वेळी तुम्ही नको म्हणालात तर मी ऐकेन. मी येऊन तिला सांगेन की बाई येणार नाहीत, आणि उत्तर मला माहीत नाही. एवढंच की ती हट्टी आहे. मला विचारून झालं, आता ती वडिलांना विचारेल.

तुमचा विद्यार्थी